चिपळूणहून शहाद्याला: पहिला हिवाळा कसा काढायचा?

विचारणाऱ्या मॅडम चिपळूणच्या. शिक्षक भरतीत नंदुरबार जिल्हा मिळाला आणि जूनपासून शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झाल्या. तिसरी-चौथी एकत्र सांभाळतात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "मी पावसातली माणूस, पावसाची भीती नाही. पण इथे जो तो म्हणतो, दिवाळीनंतर बघा थंडी. कपडे काय घ्यावेत, खोली गावात घ्यावी की शहाद्याहून अपडाऊन करावं? आणि दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो म्हणतात, तो थंडीमुळे का?"

मॅडम, मी शिरपूर आणि शहादा या दोन तालुक्यांत मिळून पंचवीसेक वर्षं प्राथमिकला शिकवते आहे, माहेर धुळ्याचं. कपड्यांचं उत्तर सोपं आहे, ते देतेच. पण वर्ग निम्मा होतो तो थंडीने होत नाही. तो कापसाने आणि उसाने होतो, आणि त्याची तयारी दिवाळीची सुट्टी लागायच्या आत करावी लागते. तुमच्या हातात अजून थोडे दिवस आहेत. म्हणून हे सगळं वाचायला वेळ नसेल तर शेवटचा भाग तेवढा वाचा.

आधी कशावर काय अवलंबून आहे ते सांगते. "नंदुरबारची थंडी" अशी एक काही नसते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, तिथली रात्र वेगळी. अक्कलकुव्याकडच्या डाब परिसरात गवतावरचं दव गोठल्याचे फोटो थंडीच्या लाटेत पेपरात येतात, ते पाहून घाबरू नका. पायथ्याच्या गावात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण 9-10 अंशांवर असतो. लाट आली की आणखी खाली जातो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या केंद्रावर 5-6 अंशांची नोंद झाल्याच्या बातम्या आम्हाला नवीन नाहीत. चिपळूणला तुम्ही 16-18 अंशांना थंडी म्हणत असाल. दुसरं, तुमची खोली पत्र्याची आहे की स्लॅबची यावर निम्मी थंडी ठरते. आणि तिसरं, रोज गाडीवर किती अंतर काटणार आहात.

पण आकड्यांपेक्षा एक गोष्ट समजून घ्या. तुमच्याकडे समुद्र जवळ आहे, हवेत ओल आहे, त्यामुळे दिवस आणि रात्र यांत फार फरक पडत नाही. आमच्याकडे समुद्र लांब, आकाश कोरडं आणि निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की भराभर निवते, वर उत्तरेकडचं वारं सुटतं. त्यामुळे पहाटे 9 अंश आणि दुपारी 29 अंश हे एकाच दिवसात होतं. जाड स्वेटर घालून आलेली बाई साडेबाराला घामाघूम होते, आणि तो काढून खुर्चीवर विसरून गेली की संध्याकाळी गाडीवर कुडकुडते. 

म्हणून एक भारी स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घ्या. आतून उबदार बनियन, त्यावर साडीचा ब्लाउज किंवा ड्रेस, त्यावर पुढून उघडणारा पातळ स्वेटर, आणि गाडीसाठी वारा अडवणारं जॅकेट. कान बांधायला सुती स्कार्फ, हातमोजे, आणि चपलेऐवजी बूट-मोजे. शहाद्याच्या बाजारात हे सगळं दिवाळीनंतर मिळतं, चिपळूणहून ओझं आणू नका. गोधडी मात्र इथे शिवून घ्या. जुन्या साड्या दिल्या की गावातल्या बाया शिवून देतात, आणि पत्र्याच्या खोलीत दोन ब्लँकेटांपेक्षा ती बरी पडते.

तुम्हाला खरं चकित करेल तो कोरडेपणा. तुमच्या बाटलीतलं खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजायला लागतं, इथे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी दगडासारखं घट्ट मिळेल. बाटली बदलून रुंद तोंडाची बरणी घ्या, नाहीतर शाळेच्या घाईत ती ऊन पाण्यात धरून उभं राहावं लागतं. ओठ, टाचा, बोटांची पेरं फुटतात. त्यात आपला हात दिवसभर खडूत. खडूची पूड उरलासुरला ओलावाही ओढून घेते आणि पेरांच्या भेगांत बसते. मी मधल्या सुट्टीत हात धुतले की लगेच व्हॅसलीन लावते, डबी टेबलाच्या खणातच असते. ती डबी वर्गालाही लागते, गाल आणि ओठ फुटलेली पोरं निम्मी तरी असतात. या कोरडेपणाचा फायदाही आहे. कपडे दोन तासांत वाळतात आणि पुस्तकांना बुरशी धरत नाही. फक्त कोकणातून लाकडाचं काही आणणार असाल, पेटी-तबला किंवा चांगलं कपाट, तर ते पहिल्या हिवाळ्यात आकसतं, कधी चिरतंही. ते भिंतीशी, उन्हापासून लांब ठेवा.

खोलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: निदान पहिला हिवाळा गावात किंवा गावाच्या अगदी जवळ राहा. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याचा नियम बाजूला ठेवते, त्यावर आपल्यात किती बोलणी होतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. माझं कारण रस्त्याचं आहे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि बिघडली की अंधारात अर्ध्या रस्त्यात उभी. जानेवारीत इथे सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पाचला शाळा सुटली, माहिती भरायला थोडं थांबलं, की परतीचा निम्मा रस्ता अंधारात. पहाटे उलटं: सूर्य सातनंतर उगवतो, आणि तापीकाठाला, कालव्याच्या कडेला धुकं आणि शेकोट्यांचा धूर एकत्र साचतो. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा हा रस्ता तुम्हाला नेमका त्याच वेळी काटायचा असतो. अपडाऊन करावंच लागलं तर दोघी-तिघी मिळून करा, आणि हेल्मेटची काच थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाने धुरकटते.

खोली बघताना पूर्वेला दार किंवा खिडकी आहे का ते बघा, सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. पाणी तापवायला इथे अजून बंब चालतात आणि मला तेच पसंत आहेत. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि बादलीतला हीटरचा रॉड ही एकट्या राहणाऱ्या, घाईतल्या माणसाची वस्तू नव्हे. बंबाला तुराट्या आणि कपाशीच्या काड्या हव्या तेवढ्या मिळतात. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. तो विषारी वायू वासावरून कळत नाही, आणि दरवर्षी कुठून ना कुठून तशी बातमी येते.

जेवणाचं फार सांगत नाही, ते शेजारणी शिकवतील. भात कमी करून रात्री भाकरी खा, ज्वारीची किंवा कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. चंपाषष्ठी झाली की चातुर्मासात वांगं न खाणारी घरंही ते खायला लागतात आणि भरिताचा हंगाम खुलतो. शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजतात, सालं काढून हिरव्या मिरचीबरोबर लाकडी भांड्यात ठेचतात, आणि कांद्याची पात आणि शेंगदाणे तेलात परतून त्यात घालतात. पालकांनी बोलावलं तर नक्की जा. वर्षभराच्या पालक सभांत जे बोलणं होत नाही ते त्या बांधावर होतं. मासे मात्र तुम्हाला आठवतील. प्रकाशा-सारंगखेड्याकडे तापीचे मिळतात, समुद्राच्या चवीचे नव्हेत. दिवाळीहून येताना सुकट घेऊन या.

आता शाळा.

पहिलीपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय 2024 सालचा आहे, आणि आपल्या बहुतेक शाळा साडेदहाच्याच. त्यामुळे रोजच्या थंडीचा त्रास मुलांना वाटतो तेवढा नसतो. त्रास असतो तो शनिवारी, निर्णय असला तरी त्या दिवशी आमच्याकडे शाळा सकाळी लवकरच भरते, आणि वर्गखोलीच्या आतल्या गारव्याचा. बाहेर ऊन पडलेलं असतं पण रात्रभर निवलेली फरशी अकरापर्यंत गार असते, आणि मुलं त्याच फरशीवर बसतात. मी परिपाठ तर उन्हात घेतेच, पहिला तासही व्हरांड्यात पूर्वेच्या बाजूला घेते. त्यात लिखाण ठेवत नाही. आखडलेल्या बोटांनी पोरं पेन्सिल मुठीत धरतात, अक्षर बिघडतं, आणि मग आपण अक्षरावरून बोलतो. त्या वेळी पाढे, मोठ्याने वाचन, गोष्ट सांगणं, तोंडी हिशेब. पाट्या-वह्या ऊन चढल्यावर. खिचडी खाऊन झाल्यावर दुपारचं ऊन अंगावर येतं तेव्हा लहान वर्ग पेंगतो, म्हणून खेळ आणि हस्तकला तिकडे टाकते. शिष्यवृत्तीचे जादा तास संध्याकाळी ठेवू नका. मळ्यातून, पाड्यावरून चालत येणारी मुलं अंधारात घरी पोचतात आणि तिसऱ्या दिवशी पालक येतात. हवे तर साडेनऊला घ्या.

परिपाठात "अंघोळ केली का, हात वर करा" हे डिसेंबर-जानेवारीत बंद ठेवा. ज्या घरात सरपण मोजून जाळतात तिथे पोराला पहाटे ऊन पाणी मिळत नाही. वर्गापुढे हात खाली राहिला की ते पोर दुसऱ्या दिवशी येतच नाही. नखं, केस, तोंड-हात बघा, तेवढं पुरे. आणि बिनस्वेटरची किती आहेत ते गाजावाजा न करता मोजून ठेवा. गावातला एखादा दुकानदार किंवा माजी विद्यार्थी मदत देतो, पण देणाऱ्याला फोटो हवा असतो. मी स्वेटर पालकांच्या हातात देते, मुलांना रांगेत उभं करत नाही.

आता वर्ग निम्मा होण्याबद्दल. याला दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

पहिलं कापूस. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. मजुरी किलोवर असते, त्यामुळे घरातला प्रत्येक हात मोजला जातो. तिसरी-चौथीचं पोर वेचतं तरी किंवा धाकट्याला सांभाळतं. पण बोंडांवर दव असेतोवर वेचणी होत नाही, ओला कापूस व्यापारी पाडून मागतो. माझ्या शाळेत म्हणून शनिवारी, थंडी असूनही, हजेरी बरी असते: साडेसातला आलेलं पोर दव उडेपर्यंत आपलं. रोजच्या दिवशी पोरं शेताला निघायच्या आधी गल्लीतून एक चक्कर मारली तर फरक पडतो, गावात राहा म्हणते त्याचं हे एक कारण. आणि वेचणीला जाणारं पोर बहुतेकदा खिचडीपर्यंत थांबतं, नंतर सटकतं. म्हणून नवीन गणित, नवीन धडा पहिल्या सत्रातच घ्या. दुपारच्या सत्रात सराव. आठवडे बाजाराच्या दिवशी नवीन काही काढूच नका. हे पोर गैरहजर असलं तरी गावातच असतं, दोन-तीन दिवसांनी येतं. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

दुसरं ऊस, आणि हे अवघड. पायथ्याच्या आणि डोंगरातल्या गावांतली कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत, बारडोली-मढीकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे "जाऊ नका" म्हणण्याला काही किंमत नसते. पोरं बरोबर जातात आणि पडावावर राहतात. ती रात्रीत निघतात. तुम्ही सुट्टीवरून परत याल तेव्हा बाकं रिकामी झालेली असतील, आणि मग कोण कुठे गेलं हे सांगायला घरात आजीच असते, तीही नसते कधी.

म्हणून आत्ता, सुट्टीच्या आत, एवढं करा. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं घर फिरा आणि तीन गोष्टी विचारा: यंदा जाणार का, कोणत्या मुकादमाबरोबर, आणि मागे घरी कोण राहणार. हे रजिस्टर घेऊन विचारलं तर उत्तर मिळत नाही. ओट्यावर बसून चहा घेतला की मिळतं. मागे आजी-आजोबा किंवा काका-काकू राहणार असतील तर मूल ठेवून जायला पालक तयार होतात, पण त्याच्या जेवणाची सोय दिसली पाहिजे. त्यासाठीच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि मुलांची यादी घेऊन मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे. वेळापत्रक आणि अटी त्या वर्षीच्या आदेशात बघा, केंद्रप्रमुखांना विचारून घ्या. जी मुलं जाणारच त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेला त्यांना बसवून घेता येतं. गुजरातेत भाषेमुळे ते सहज होत नाही, हे खरं. म्हणून मी पत्रकाबरोबर मराठीचं पुस्तक, एक कोरी वही आणि पाढ्यांचा कागद देते, आणि आईचा-बापाचा मोबाइल नंबर घेते. मुकादमाचाही घेते, कारण पालकांचे नंबर हंगामात बदलतात, मुकादमाचा बदलत नाही. आठवड्यातून एकदा रात्री फोन करून पोराकडून पाढा म्हणून घेतला तरी ते शाळेला धरून राहतं. सगळ्यांचं होत नाही. जेवढ्यांचं होतं तेवढ्यांना परत आल्यावर वर्गात बसवणं सोपं जातं.

ही मंडळी बहुतेक होळीला परततात. सातपुड्यात होळीएवढा दुसरा सण नाही, आधीचे भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची राजवाडी होळी यांसाठी माणूस असेल तिथून येतो. काही सणापुरती येऊन पुन्हा जातात. तेव्हा मधल्या काळात निसटलेलं शिकवायला तुम्हाला होळीच्या पुढचे आठवडे मोकळे ठेवावे लागतील. वार्षिक नियोजन करतानाच तसं करा.

मधे डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा येते, एकमुखी दत्ताची, घोडेबाजाराची. दोन-चार दिवस हजेरी पडेल. परत आलेल्या मुलांकडून घोड्यांच्या किमती फळ्यावर लिहून घ्या, लाखापर्यंतच्या संख्यांचं वाचन यापेक्षा चांगलं कुठल्याच पुस्तकात होत नाही.

आणि तुमचा पाऊस. 2021च्या जुलैतला पूर पाहिलेल्या माणसाला दोन तासांच्या सरीचं काही वाटणार नाही. पण नोव्हेंबर ते जानेवारीत इथे अवकाळी पडला तर "मस्त वातावरण झालं" असं गावात चुकूनही म्हणू नका. 2023च्या नोव्हेंबरच्या शेवटी उत्तर महाराष्ट्रात तो गारांसह आला होता. वेचायला आलेला कापूस भिजून काळपट पडतो, नंदुरबारला पथारीवर वाळत घातलेली मिरची सडते. त्या आठवड्यात सहलीचे पैसे मागायचे नाहीत आणि गॅदरिंगच्या कपड्यांचं नाव काढायचं नाही. पाऊस उघडला की पाठोपाठ थंडीही वाढते. केळीचे बागवाले रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायला लागले की समजायचं, पुढचे तीन-चार दिवस शनिवारसारखेच कपडे घालून निघायचं.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हे सगळं ओसरतं. मार्चला स्वेटर धुऊन ठेवा. मग उन्हाळ्याची सकाळची शाळा आणि 44 अंशांचं काय करायचं ते विचारा, त्याचं उत्तर याहून लांब आहे.